टेबलावरची उघडी रायफल

बंदुका मला मुळीच आवडत नाहीत. तरीही जवळजवळ वर्षभर, आठवड्यातून तीनदा, मी कतारमधल्या माझ्या अल मन्सूराच्या घरून शहराच्या दुसऱ्या टोकाला मुऐदरला जाऊन एका म्हाताऱ्या कतारी माणसाशेजारी बसून जुन्या स्वीडिश लष्करी रायफली पुसत होते. मी फिजिओथेरपिस्ट. वसईला फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, ह्याच्यासाठी का गं तुला एवढं शिकवलं?

त्यांना घरातले सगळे कामवाले बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणायचे. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला होता. तरुणपणी जहाजांच्या इंजिनांचं काम शिकायला ते दोन वर्षं स्वीडनला राहिले, तिथल्या घरमालकाने त्यांना हा नाद लावला. बैठकीशेजारच्या खोलीत भिंतीवर अकरा रायफली होत्या. सगळ्यांच्या नळ्या कायमच्या बंद केलेल्या, कागदपत्रं कपाटात. बारावी टेबलावर उघडी पडली होती. झटका आला त्याच आठवड्यात त्यांनी तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारणारा दांडा, खोलून सुटा केला होता. मुलगा म्हणाला, कारागीर बोलावून जोडून घेऊ. त्यावर बाबांनी दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. जोडीन तर मीच, नाहीतर तशीच पडू दे, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि व्यायामाचं नाव काढायची सोय नाही! मी दिलेला रबरी चेंडू त्यांनी मांजराला देऊन टाकला. मला सिस्टर म्हणायचे. मी नर्स नाही हो, असं त्यांच्याच मोडक्या हिंदीत किती वेळा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. एक दिवस माझं डोकं फिरलं. बोटांच्या व्यायामाच्या खुंट्या, पट्टे सगळं पिशवीत कोंबलं आणि बोल्टच्या तुकड्यांचा ट्रे त्यांच्यापुढे आपटला. म्हटलं, हे तरी उचला. त्यांनी उचललं.

तिथून शाळा उलटी सुरू झाली. धातूवरचा मुकुटाचा छाप आणि साल आधी बघायचं. मग प्रत्येक बारीक तुकड्यावरचे आकडे भिंगातून वाचायचे. सगळे जुळले तर ते तुकडे कारखान्यापासून एकत्र आहेत. न जुळणारा सापडला तर लपवायचा नाही, वहीत लिहायचा. दस्त्याच्या लाकडाला पॉलिशपेपर लावायचा नाही, कुठल्या तरी शिपायाच्या हातून पडलेले ते खड्डे आहेत, राहू देत. नुसतं जवसाचं तेल तळहाताने चोळायचं. ते तेल मी माझ्या बिल्डिंगखालच्या किराणा दुकानातून न्यायचे. दुकानदाराला वाटायचं केसांसाठी नेते. बाबा तासभर चोळत बसत, आणि मी मनात म्हणे, चोळा बाबा चोळा, हाच तर व्यायाम.

बोटं हलली. चिमटीत स्प्रिंग येऊ लागली. पण बोल्ट जोडायचा तर ती स्प्रिंग जोर लावून दाबायची आणि दाबलेली धरून टोकाचा तुकडा पाव वळसा फिरवायचा. तिथे अंगठा दगा द्यायचा. तीन महिने दर वेळी तेच. शेवटी डॉक्टरांनी लिहून दिलं की आता याहून सुधारणा होणार नाही, दोन आठवड्यांत थेरपी बंद.

मला फार वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यातच मी नको तो आगाऊपणा केला. बाबा दुपारच्या, असरच्या नमाजाला गेले तेवढ्यात बोल्ट जोडून टाकला. त्यांनीच तर शिकवलं होतं! आकडे तपासले, रायफलीत बसवला. काय तो मला आनंद.

ते काठी टेकत आले, बघितलं, रायफलीवरून डावा हात फिरवला. शुक्रन म्हणून आभार मानले. मी व्यायामाला उजवा हात मागितला, तर त्यांनी तो मांडीवर ठेवून घेतला.

"खलास, सिस्टर. काम झालं."

रागावले असते तर बरं झालं असतं. पेशंटच्या घरच्यांना मी रोज झापते, त्यांच्या शर्टाची बटणं तुम्ही लावू नका म्हणून. आणि मी स्वतः काय केलं? पुढच्या दोन आठवड्यांत त्यांनी हात पुढे केला नाही. मीही त्यांना तोंड दाखवायचं म्हणून नुसती जात राहिले.

शेवटच्या दिवशी मात्र मी रायफल टेबलावर घेतली, बोल्ट बाहेर काढला आणि म्हटलं, बाबा, मी चुकले. मला माफ करा. मी हा परत उघडते.

त्यांनी डाव्या हाताने बोल्ट माझ्याकडून काढून घेतला.

"तू नको. मी उघडतो."

उघडतानाही स्प्रिंग तशीच दाबावी लागते. पहिल्यांदा सटकली. दुसऱ्यांदा सटकली. कपाळावर घाम आला. चहा घेऊन आलेला मुलगा ते बघून कळवळला, ट्रे ठेवून पुढे झाला आणि त्याने बोल्टकडे हात नेला. मी त्याचं मनगट धरलं. त्याच्याच घरात त्याचं मनगट! मी ओरडलेच, "हात लावू नका."

तो थांबला. टिक् असा आवाज झाला आणि टोकाचा तुकडा बाबांच्या मुठीत आला, उजव्या.

जोडायचं त्राण त्या दिवशी त्यांच्यात उरलं नव्हतं. त्यांनी एकेक तुकडा स्वतः ट्रेमध्ये ठेवला आणि मुलाला बजावलं, उद्या बसणार आहे मी, खोलीला कुलूप लावू नकोस. मी चप्पल घालून निघाले. रायफल टेबलावर उघडी होती, आणि माझा जीव भांड्यात पडला होता.