जेवण होईपर्यंत

समुपदेशक बाईंच्या टेबलावर जो कागद झाला त्यात तासांचा उल्लेख नव्हता. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी, चारचौघांत, खोपोलीच्या आसपास, मुलीने वडिलांबरोबर एक जेवण करायचं, एवढंच होतं. जेवण होईपर्यंत मुलगी माझी. जेवण झालं की तिने मामाला मिस्ड कॉल द्यायचा आणि पुण्याला परत जायचं. वर्षभर हे नीट चाललं, तर वर्षाच्या शेवटी बाई तिला विचारणार होत्या की मे महिन्यात बाबांकडे कर्जतला राहायला जायचंय का. ती हो म्हणाली तर हो, नाही म्हणाली तर नाही. अकरा वर्षांच्या पोरीच्या एका शब्दावर माझा जीव टांगलेला होता, आणि तो शब्द मिळवायला माझ्याजवळ बारा जेवणं होती.

जेवणाची अट तिच्या आईने सुचवली होती. त्यात टोमणा होता आणि तो मला बरोबर लागला. मी शाळेत गणित शिकवतो. मधली सुट्टी संपायच्या आत डबा संपवायचा ही सवय, ती घरीही सुटली नाही. पानावर बसलो की मान खाली, भराभर घास, सात-आठ मिनिटांत हात धुऊन मोकळा. त्या दोघी अजून वरणभातावरच असायच्या. ‘तू आमच्याबरोबर कधी जेवलासच नाहीस,’ असं ती बाईंच्या समोर म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. एकदा भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मी ताट भिरकावलं होतं. एकदाच, पण पोरीच्या देखत. त्या दिवसाबद्दल मी कुठेही सारवासारव करत नाही. पंधरा दिवसांनी दोघी पुण्याला मामाकडे गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

पहिल्या रविवारी मी तिला शिळफाट्यावरच्या नेहमीच्या हॉटेलात नेलं. याला म्हणतात अक्कल गहाण टाकणं. टेबलाला हात लागायच्या आत थाळी समोर. शाळा कशी आहे, मी विचारलं. बरी, ती म्हणाली. मैत्रिणी झाल्या का? झाल्या. अभ्यास? चाललाय. वर्गातल्या पोराची तोंडी परीक्षा घ्यावी तसं माझं चाललं होतं, आणि वाढपी दर मिनिटाला पोळी घेऊन डोक्यावर उभा. एकोणिसाव्या मिनिटाला ती ताक पिऊन उठली. बडीशेप तोंडात टाकली, फोन काढला, गाडी आली. महिनाभर दिवस मोजले होते ते एकोणीस मिनिटांसाठी. मी रस्त्यात उभा राहून त्या गाडीकडे बघत होतो आणि मागचा टेंपोवाला मला शिव्या घालत होता. मला त्याचं काहीही वाटलं नाही.

त्याच दिवशी मी ठरवलं, जिथे अन्न उशिरा येतं असं ठिकाण शोधायचं. लोक चव शोधतात, स्वस्ताई शोधतात. मी उशीर शोधत निघालो.

पळसदरीकडच्या रस्त्यावर फार्महाउसवाल्या मुंबईकरांसाठी एक इटालियन हॉटेल निघालं होतं. आम्ही गावातले लोक त्याच्यासमोरून जाताना नाक मुरडायचो. एका बुधवारी शाळा सुटल्यावर मी एकटाच तिथे जाऊन बसलो. मेनूकार्ड इतकं लांबलचक की नुसतं वाचायलाच दहा मिनिटं जावीत. मला ते तिथेच आवडलं. एकेक पदार्थ मागवायचा, घड्याळ बघायचं आणि खिशातल्या कागदावर मिनिटं लिहायची, असं मी करत होतो. वेटर डोंगराकडच्या वाडीतला, माझ्याच वयाचा, केस पिकलेला माणूस होता. तो थोडा वेळ लांबून बघत राहिला, मग जवळ येऊन हळूच म्हणाला, “सायेब, तुमी ऑफिसकडून तपासणीला आलाय का?”

“नाही हो. सगळ्यात उशिरा काय येतं तुमच्याकडे?”

अशी चौकशी त्याला जन्मात कुणी केली नसावी. “रिसोटो,” तो म्हणाला. “भातच हाय तो, पन एकसारखा हलवत बसायला लागतं. अर्धा तास तर धरून चाला. आचारी नवा हाय, जास्ती पन लागंल.”

तो आचारी नवाच राहो, अशी मी मनोमन प्रार्थना केली.

पुढच्या रविवारी सव्वा तास मिळाला. आधी सूप. सूप संपल्याशिवाय पुढचं सांगायचं नाही. मग टोमॅटो घातलेले पावाचे भाजके तुकडे, मग तो भात, आणि सगळ्यात शेवटी कॉफीत भिजवलेला केक, तो आवडतो की नाही हे न विचारताच. महिन्यागणिक मी तयार होत गेलो. एका रविवारी पावणेदोन तासांपर्यंत मजल गेली. पास्ता ओव्हनमध्ये ठेवून करायचा प्रकार असतो, तो मी त्या वेटरच्या सल्ल्याने मिळवला. त्याला आमचं सगळं कळून चुकलं होतं. “तुमी जेवायला येत नाय सायेब, बसायला येता,” असं तो एकदा म्हणाला, आणि मला राग यायला हवा होता तो आला नाही.

आणि पोरगी बोलायला लागली. आधी दातांच्या तारेबद्दल, मग पोहण्याच्या क्लासबद्दल, मग वर्गातल्या एका मुलीशी झालेल्या भांडणाबद्दल अगदी हातवारे करून. अन्न यायच्या आधीच्या त्या रिकाम्या वेळातच ती बोलायची. तिच्यासमोर ताट नाही, माझ्यासमोर ताट नाही, मग दोघांनी करायचं काय? दहा वर्षं एका घरात जेवून मला जे कळलं नव्हतं ते मला आता कळत होतं. माझा उपाय बरोबर आहे याची खात्रीच पटली.

त्या रिकाम्या वेळात ती साखरेच्या पुड्या फोडून बोटाने चाटत बसायची. मला वाटायचं, खेळतेय. एकदा तो वेटर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “सायेब, पोरीला नुसता पाव आनून देऊ का? सारखी आतल्या दाराकडं बगतेय.” मी त्याला मानेनेच नको म्हटलं. पावाने पोट भरलं की पुढचं सगळं लवकर आटोपतं, हा माझा हिशेब.

अकरा जेवणं झाली. बारावं असं हवं होतं की त्याची आठवण घेऊनच तिने बाईंच्या समोर बसावं. मार्चच्या शेवटच्या रविवारआधी मी इतका कावराबावरा झालो होतो की शाळेत फळ्यावर उदाहरण अर्धं सोडून वर्गाबाहेर गेलो. चित्रकलेच्या सरांनी विचारलं तेव्हा मी त्यांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, नेरळच्या वाटेवर एक इराणी बाई बागेत जेवण देतात, तिथे जा.

“इराणी?” मी भडकलोच. “बनमस्का आणि चहा. पाच मिनिटांत संपलं. तुम्ही माझी थट्टा करताय का?”

“अहो, ते हॉटेलवाले इराणी नव्हेत. ही इराणातली रीत. तीन दिवस आधी सांगावं लागतं. भातालाच दीड तास लागतो.”

दीड तास! मी तिथूनच फोन लावला.

बाई सत्तरीच्या असतील. आंब्याखाली सतरंज्या, वर लोड, मधे ठेंगणं टेबल. आम्ही साडेबाराला पोचलो तेव्हा त्यांनी तांदूळ वैरायला घेतला होता. आधी उकडून निथळायचा, मग लोण्यावर मंद आचेवर मुरत ठेवायचा, बुडाला सोनेरी खरवड धरेपर्यंत झाकण काढायचं नाही, असं त्यांनी मला समजावलं. “चावल को जल्दी नहीं करते,” त्या म्हणाल्या. मी खुशीत म्हणालो, अजिबात करू नका.

त्या दिवशी मी फार बोललो. कर्जतच्या घरात तिची खोली तशीच ठेवलीय, भिंतीला नवा रंग दिलाय, सकाळी उल्हास नदीवर जाऊ, डोंगरात करवंदं लागतात ती काढायला जाऊ. ती हं हं करत होती. एक वाजला, सव्वा वाजला. तिने टेबलावर डोकं टेकलं. मी म्हटलं, ऊन लागलं का? पाणी घे. ती पाणी प्यायली. दीड वाजता ती बारीक आवाजात म्हणाली, “बाबा, मला गरगरतंय.”

“का गं?”

“भूक लागलीय.”

“सकाळी काय खाल्लंस?”

“काही नाही.”

माझं डोकं फिरलं. “आईने खायलाही दिलं नाही?” मी जोरात म्हणालो, आणि ती जरा मागे सरकली. ते मागे सरकणं मी ओळखतो.

“दिलं होतं,” ती म्हणाली. “मीच खात नाही. पोट भरलेलं असलं की तुझ्याबरोबर कमी जातं, मग तुला वाईट वाटतं.”

“दर वेळी?”

“हं.”

गणिताचा मास्तर मी. आदल्या रात्री आठचं जेवण, सकाळी पोटात काही नाही, मग गाडीत दोन तास घाट उतरून यायचं, आणि समोर बाप बसलेला, जो हॉटेलातला सगळ्यात उशिराचा पदार्थ निवडून मागवतो. आणि हे एकदा नाही, वर्षभर. त्या वाडीतल्या वेटरला एका नजरेत जे दिसलं ते मला दिसलं नव्हतं. मला माझी किळस आली. मी धावत स्वयंपाकघरात गेलो आणि हात जोडून म्हणालो, असेल ते द्या, आत्ता द्या. बाईंनी रोटी, पांढरं चीज, अक्रोड आणि पुदिन्याची जुडी एका ताटात घातली. “बच्ची भूखी थी तो पहले बोलने का ना,” त्या मला रागावल्या. बरं झालं रागावल्या. कुणीतरी रागवायला हवंच होतं.

ती दोन्ही हातांनी खात होती. रोटीचा मोठा तुकडा, त्यात चीज, घशाखाली उतरायच्या आत दुसरा. मधे एकदा ठसका लागला, मी पाठीवरून हात फिरवला, तिने फिरवू दिला. तिसरी रोटी संपल्यावर तिच्या चेहऱ्यावर रंग आला आणि ती लोडाला टेकली.

“त्या समुपदेशक मॅडमचा फोन आला होता,” ती म्हणाली. “शुक्रवारी.”

म्हणजे बारावं जेवण व्हायच्या आधीच. “काय म्हणाल्या?”

“सुट्टीत तुझ्याकडे राहायला जायचंय का.”

“मग?”

“मी नाही म्हटलं.”

आंब्यावर कावळा ओरडत होता, तो ओरडायचा थांबेना. मी विचारलं, भिरकावलेलं ताट आठवतं म्हणून का? तिने मान हलवली, ते नाही. मग बोटांना लागलेलं चीज चाटत म्हणाली, “इथे एका जेवणाला एवढं थांबायला लागतं. तिथे रोज दोन वेळा. मला नाही जमणार, बाबा. मला खूप भूक लागते.”

मग मी तिला सांगून टाकलं. सगळं. रिसोटो, घड्याळ, खिशातला कागद, ओव्हनमधला पास्ता. जेवण झालं की तू जाणार, म्हणून मी जेवण होऊच देत नव्हतो, असं म्हणालो. तिला हसू येतंय की रडू ते मला कळेना.

“मग सांगायचंस ना,” ती म्हणाली. “मी जेवून बसले असते.”

“आता सांगशील मॅडमना? परत फोन करून?”

तिने थोडा विचार केला. माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं हे मला तेव्हा दिसलं. “आता सांगितलं तर आईला वाटेल, तूच मला सांगायला लावलंस.”



तेवढ्यात बाई पातेलं घेऊन आल्या. मोठ्या ताटात उपडं केलं, वरून दोनदा थोपटलं आणि उचललं. शुभ्र मोकळा भात आणि वर अख्खी न मोडलेली सोनेरी खरवड. बाईंना अभिमान वाटत होता. पोरीने पोटावर हात ठेवून नको म्हटलं. मग तिनेच खरवडीचा कुरकुरीत तुकडा मोडून माझ्या ताटात ठेवला, बाजूला भात वाढला आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

“तू जेव,” ती म्हणाली. “मी थांबते.”