पेटीचं वजन वजा जाता

आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारी मी पहिली आणि मुद्दाम उपाशी राहणारीही मीच पहिली. बाबांना ही दोन्ही कामं एकाच खात्याची वाटली, हा त्यांचा दोष नव्हे.

मी काटोलची. नागपूरला होस्टेलवर राहून गृहविज्ञान शिकत होते. गॅदरिंगच्या नाचात माझं नाव होतं, पण झंपर मिळाला तो खोलीतल्या सुधाचा. तो माझ्या दंडावर येऊन अडकला, तो पुढे सरकेना! मला सगळा दोष दंडाचाच वाटला.

उपाय मात्र घरचाच सुचला. आमच्या बागेत संत्र्याच्या झाडांचं पाणी महिनाभर तोडतात. याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, मग पाणी सोडलं की झाड फुलांनी लगडतं. म्हटलं, आपणही ताण देऊन पाहू. सकाळी दोन संत्री, संध्याकाळी दोन. बस्स! (वर्गात त्याच आठवड्यात समतोल आहार चालू होता. वहीत त्याचा तक्ता मी फार सुंदर काढला होता.)

तीन आठवड्यांनी एका रविवारी काटोलला गेले. बाबा फळबाजारात होते. एसटीतून उतरून तिथवर पोचले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पेट्यांच्या थप्पीला धरून उभी राहिले.

"काहून वं, जेवून नाही राहिली का तू?"

"जेवते ना, बाबा."

"चढ काट्यावर!"

सगळ्या बाजारासमोर मी संत्र्यांच्या काट्यावर चढले. तोलणारे गुलाबराव वीस वर्षं हेच काम करत होते. त्यांनी वजन सरकवलं, डोळे बारीक केले आणि नेहमीच्या खड्या आवाजात पुकारा केला, "अडतीस!"

बाबांनी मला हाताला धरून खाली उतरवलं. प्रवेशाच्या फॉर्मवर माझं वजन शेहेचाळीस होतं, ते त्यांना पाठ होतं. मला तर आनंदाने नाचावंसं वाटलं. आठ किलो!

"बस झालं कॉलेज," बाबा म्हणाले. "शिकून पोरगी अर्धी होते त नाही शिकवाची मले. उद्या नाव काटून आणू."

माझा आनंद तिथेच संपला. खरं सांगावं तर ओरडा, न सांगावं तर कॉलेज बंद. मी 'एसटी लागली असेल' असं पुटपुटले. (भित्र्या माणसाला तिसरा मार्ग लवकर सापडतो.)

दुसऱ्या दिवशी बाबा आमच्या आहारशास्त्राच्या बाईंसमोर उभे राहिले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला प्रयोगशाळेच्या काट्यावर उभं केलं. त्रेचाळीस!

"बाई," बाबा चक्रावले, "काटोलहून इथवर येतायेता पाच किलो वाढली?"

"तिकडे वजन कुणी केलं?"

"आमच्या गुलाबरावनं. संत्र्याच्या काट्यावर..." बोलताबोलता बाबांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! त्यानं रिकाम्या पेटीचे पाच किलो काटले! सवयच आहे त्याले!"

मला वाटलं, सुटले. पण बाई हसल्या नाहीत. "तरी तीन किलो खरेच गेलेत. काय खात होतीस गं?"

मी संत्री, झंपर आणि ताण, सगळं सांगून टाकलं. आता बोलणी बसणार! पण बाई मला सोडून बाबांकडे वळल्या.

"कोवळ्या रोपाला ताण देता तुम्ही?"

"छे छे, बाई! मरून जाईन ना ते! भरल्या झाडालेच देतो, अन् मंग पाणी, शेणखत, सारं देतो. खाल्ल्याबिगर झाड फुलते का कुठं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. वर्षभराच्या तासांत जे डोक्यात शिरलं नव्हतं ते दोन वाक्यांत शिरलं, आणि तेही बाबांच्या तोंडून! अशी शिकवणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

"आणि दंड झंपरच्या मापाचा करायचा नसतो," बाई मला म्हणाल्या, "झंपर दंडाच्या मापाचा करतात. शिवण उसव आणि जेवायला जा."

बाबांनी टोपी नीट केली. "नाव राहू द्या, बाई. हिच्या ताटाकडं मात्र लक्ष ठेवजा."

गॅदरिंगला मी शिवण उसवलेल्या झंपरात, पोटभर जेवून नाचले. गुलाबराव मात्र पुढे भेटतील तेव्हा माफी मागायचे. मी म्हणायची, "तुमचं काही चुकलं नाही, काका. त्या महिन्यात पेटी रिकामीच होती. फक्त तुम्ही ती काट्यावर समजलात, ती माझ्या खांद्यांवर होती, डोक्याच्या जागी!"