सात तास ऐंशी मिनिटे

मी मूळचा पेणचा, रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका रसायनांच्या कारखान्यात टाइमकीपर होतो. वीस वर्षे लोकांचे येणे-जाणे मी हाताने लिहिले. नव्वदच्या दशकात कंपनीने संगणक आणला आणि मला तीन दिवसांचे शिक्षण दिले. शिकवणाऱ्या बाईंनी एक गोष्ट तीन वेळा सांगितली. "काका, वेळ लिहिताना दोन टिंबं द्या, एकाखाली एक. एकच दिलंत तर स्प्रेडशीट तो साधा आकडा समजेल."

मी एकच टिंब देत राहिलो. आपल्याकडे वेळ तशीच लिहितात. लग्नपत्रिकेवर मुहूर्त १२.३५ असतो, एसटीच्या फलकावर गाडी ६.१० असते. दोन टिंबांसाठी दर वेळी आणखी एक कळ दाबून धरावी लागे. यंत्राने माझ्या पद्धतीने चालावे, असे माझे मत होते.

पहिल्या दिवशी मी वजाबाकी तपासलीही. पाळी ७.४५ला सुरू होई. जवळच्या वरसे गावचा एक कामगार सायकलने ७.५५ला आला होता. उत्तर आले ०.१०. दहा मिनिटे, बरोबर. पुढे मी तपासले नाही.

नव्या कामगारांना कायम करण्यापूर्वी तीन महिन्यांचा एकूण उशीर पाहत. तो सहा तासांवर गेला की नाव गळे. त्या तिमाहीत कायम झालेल्यांची यादी मी फलकावर लावली. तिच्यातून एकच नाव गळले होते, त्याच्या उशिराचा आकडा खाली वेगळा लिहिला होता. तो पॅकिंग खात्यातला, जिते गावचा, मिठागरावर राबणाऱ्या घरातला माणूस होता. तो रेल्वेने येई. वाटेत निडी स्टेशनात गाडी थांबवून ठेवली की त्याला कारखान्यात पोचायला आठ वाजून जात.

तो माझ्या खिडकीशी आला.

"साहेब, माजं नाव नाय यादीत."

"उशीर जास्त झालाय."

"किती हाय?"

"फलकावर लिहिलंय. वाचता येत नाही का?"

"वाचलं म्हनून तर आलो. सात पॉइंट ऐंशी. म्हंजे सात तास ऐंशी मिनटं." त्याने फलकाकडे बोट केले. "साहेब, तुमच्या पेणला तास किती मिनटांचा असतो?"

त्याच्या मागे उभा असलेला एक जण म्हणाला, "पेणला गणपती मोठं बनवतात रं, तास पन मोठाच असंल."

सगळे हसले. यंत्र चुकत नाही, असे सांगून मी खिडकी बंद केली. मग त्याचे उशिराचे तेरा दिवस संगणकात उघडून पाहिले. आला ८.०५ला, पाळी ७.४५ची. फरक ०.६०. मी बोटांवर मोजले. आठापर्यंत पंधरा, वर पाच, वीस मिनिटे. पुन्हा मोजले, तरी वीसच. पुढची बाराही उत्तरे तीच, ०.६०. आठच्या आत येणाऱ्यांची वजाबाकी बरोबर होती. आठ ओलांडणाऱ्याच्या तासात मात्र शंभर मिनिटे धरली जात होती आणि त्याच्या नावावर दर वेळी चाळीस मिनिटे फुकट चढत होती.

संताप यंत्राचा येईना. फाटकावर ८.०५ हे मीच माझ्या हाताने लिहीत होतो. नंतर पडद्यावर साठ पाहत होतो, आणि गाडीने येणारे तासभर उशीर करणारच, असे धरून पुढे जात होतो.

मी कार्मिक अधिकाऱ्यांकडे गेलो. ते माझ्या निम्म्या वयाचे होते.

"काका, संगणकाची चूक म्हणा आणि नवी यादी लावा."

"चूक संगणकाची नाही, साहेब."

"पण विचारतंय कोण?"

मी परत जागेवर आलो. दुपारभर बसून सर्वांच्या सर्व वेळा दोन टिंबांनी पुन्हा भरल्या. चष्मा दोनदा पुसला, बाईंना मनात चारदा नावे ठेवली. त्यांचा काही दोष नसताना. जिते गावच्या त्या माणसाची बेरीज चार तास वीस मिनिटे आली. नव्या यादीत त्याचे नाव आले. खाली मी लिहिले, 'मागील यादीतील चूक टाइमकीपरची.' सही केली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खिडकीशी उभा राहिला.

"झालो ना कायम, साहेब?"

"झालास. पण चार तास वीस मिनिटं उशीर खराच आहे."

"व्हय. तेवडं कागदावर लिवून द्या."

"कशाला?"

"घरी दाखवायला. गावात बातमी गेली ना. बायको म्हनते, रोजचा तासभर कुठल्या नाक्यावर बसतोस? गाडी लेट व्हती म्हनून सांगतो, तर तिला पटत नाय."

असा कागद देण्याचा नियम नव्हता. मी कोरा कागद घेतला, तेरा तारखा एकाखाली एक लिहिल्या, प्रत्येकीपुढे वीस मिनिटे लिहिली आणि खाली कंपनीचा शिक्का मारला. त्याने तो तिथेच उभा राहून तपासला. बेरीज त्याने दोनदा केली. मी त्याला घाई केली नाही.