निरोप्याचा चहा

धाराशिव जिल्ह्यात मोबाईल कुठं पोचला नाही ते सांगा! शेळ्या राखणाऱ्यांच्या खिशात पोचला. रामलिंगाच्या माकडांनी भाविकांच्या हातातून हिसकावून नेला, तेव्हा तो झाडावरही पोचला. पोचला नव्हता तो फक्त येडशीला, माझ्या सासऱ्यांकडे.

सासूबाई गेल्यापासून सासरे एकटेच राहतात. घर एसटी स्टँडला लागून. त्यांना काही कळवायचं तर आम्ही धाराशिवला कळंबच्या गाडीच्या कंडक्टरजवळ निरोप द्यायचो. येडशीला गाडी थांबली की कंडक्टर त्यांच्या ओसरीवर. पण निरोप उभ्यानं ऐकणं सासऱ्यांच्या लेखी महापाप! आधी पाणी, मग चहा, मग कंडक्टरच्या पोरीच्या दहावीची चौकशी, आणि त्यानंतर, "हं, बोला आता." एकदा आम्ही 'रविवारी जेवायला येतो' एवढंच कळवलं, तर त्यांनी कंडक्टरलाच पानावर बसवलं. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, प्रवासी खिडक्यांतून माना काढून बघतायत, आणि आत कंडक्टर शेंगाच्या पोळीवर तूप घेतोय! शेवटी ड्रायव्हर तावातावानं बोलवायला गेला. तोही बसला.

मोबाईलचं नाव काढलं की म्हणायचे, "जावईबापू, निरोप्या चहा पितो. तुमचा फोन पितो का?"

गेल्या श्रावणात नेमका कंडक्टर रजेवर, आणि सासरे दोन दिवस तापानं पडून. आम्हाला पत्ताच नाही. बायकोनं फर्मान काढलं, "अण्णा, फोन घ्या, न्हायतर धाराशिवला राहायला चला."

घर सोडायचं म्हटल्यावर त्यांनी मुकाट्यानं फोन घेतला. पहिल्याच फोनला "थांब, चहा टाकतो" म्हणून तो ज्वारीच्या पोत्यावर ठेवून जे आत गेले, ते दहा मिनिटांनी आले. बायको तोवर भांड्यांचा आवाज ऐकत बसलेली.

पुढं मात्र सराईत झाले. "जेवलात?" "व्हय." "गोळी घेतली?" "व्हय." संपलं बोलणं. निरोपाचं कामच उरलं नाही. महिन्याभरानं मी येडशीला गेलो, तर फळीवर कपबशा पालथ्या, आणि त्यांच्यावर धूळ.

"फोन लई चांगला हाय, जावईबापू," सासरे म्हणाले. "पर त्यो आल्यापासनं घरी कुणी येईनाच."

आता गोळीची चौकशी फोनवर होते, आणि दर रविवारी मी धाराशिवच्या स्टँडवर जाऊन कंडक्टरला गाठतो.

"काय सांगू अण्णांना?"

"काही नाही म्हणून सांगा."

पहिल्यांदा तो माझ्याकडं बघतच राहिला. आता नुसता हसतो. संध्याकाळी परतीच्या गाडीतून उतरतो, तो शर्टावर तुपाचा डाग घेऊनच.

"पोचला निरोप. त्यांनी बी उलटा निरोप दिलाय..."

"उभ्यानं नको," मी त्याला कँटीनकडं ओढतो. "आधी चहा."

चहा येईपर्यंत मी हळूच विचारतो, "कपबशा?"

"धुतलेल्या. आज आमी तिघं होतो."