खालून बी हात फिरव

कापड कापायच्या आधी काकू त्याच्यावरून तळहात फिरवे, मंग तोच हात खालून घाले, अन् मंगच कैची उचले. "कैचीले डोळे नसतात व पोरी," म्हने. "वरून हात फिरव, खालून बी फिरव."

तुमच्या गल्लीत बी असन अशी एखादी. आमच्या दर्यापूरच्या गल्लीत ती दोन घरं सोडून राहे, पायाच्या मशीनवर, ओठात टाचण्या धरून. टाचण्या असल्या की निस्तं "हूं" करे, पन ते हूं शिवी आहे का शाबासकी, बराबर समजे. साऱ्या गल्लीच्या चिंध्या तिच्याकडं जात. त्या चिंध्याईच्या ती लेकराईच्या गोधड्या शिवे.

मी नववीतून शाळा सोडलेली. सासू म्हने, हिले काईच येत नाही. अकोल्याले माह्या लहान बहिनीचं लग्न होतं, ऐन मे महिन्यात, अन् मले मोबाईलवर पाहिलेला जुन्या फ्याशनचा ब्लाऊज घरीच शिवाचा होता, पातळ सुती, फुग्याच्या बाहीचा. काकूले फोटो दाखवला तं ती हासतच सुटली.

"अवं माय, हे तं आमी घालत होतो! आमी म्हाताऱ्या झालो, अन् बाही जवान झाली!"

मंग पेटीतून तिनं एक ब्लाऊज काढला. पिवळा, बारीक निळ्या फुलाईचा.

"मापाले ने. वापस आन बरं. मायच्या हातचं येवढंच राह्यलं माह्यापाशी."

दुपारी पोरगी झोपली तशी मी कापड चार पदरी घातलं, त्याच्यावर तो ब्लाऊज ठेवला, खडूनं आखलं, अन् पोरगी उठली, रडाले लागली, तिकडून सासू वरडली, "काय करून राहिली व, लेकरू रडून राहिलं!" मी ब्लाऊज बाजूले सारला, पोरीले कडेवर घेतलं, अन् तशीच कापाले बसले. कुलरच्या हवेनं काकूच्या ब्लाऊजची बाही उडून कापडाखाली गेली असन. कैची जड चालली. मी अजून जोरात दाबली.

खालून हात फिरवलाच नाही.

काकूचा ब्लाऊज उचलला तं एका बाहीचा फुगाच नाही. मी तो तसाच माह्या पेटीत लुगड्याईच्या खाली दाबला, कापलेला तुकडा कुठं गेला ते बी पाहिलं नाही. सासूनं खोली झाडली, चिंध्या नेहमीसारख्या काकूले नेऊन देल्ल्या.

काकूले मी म्हनलं, "लग्नाच्या तयारीले गेली तवा तुमचा ब्लाऊज माहेरीच राह्यला, हिवरखेडले."

ओठात टाचण्या होत्या. "हूं," म्हने. ते कोनतं हूं होतं, मले समजलं नाही.

लग्नात सारे इचारत होते, कोनी शिवला? मी म्हनो, मीच. सासू बी पहिल्यांदा चांगलं बोलली, अन् मले जमिनीत जावं वाटे. वापस आल्यावर काकूनं टाचण्या काढून ठेवल्या, माह्या बाहीवरून बोट फिरवलं, म्हने, "बाही बराबर बसली." बस. आपला ब्लाऊज तिनं कधीच मांगितला नाही. मी मंग मागच्या गल्लीनं जाले लागले.

दिवाळीनंतर तिचा पोरगा तिले अमरावतीले घेऊन गेला. मशीन बी नेली. मी दाराच्या मांगंच उभी होती, पोरीले उगीच थोपटत. तिनं सासूच्या हातात एक गोधडी देल्ली, "तुमच्या नातीले."

रिक्षा गेल्यावर मी ती उलगडली. मधोमध पिवळा तुकडा, निळ्या फुलाईचा, गोल कापलेला. चहुबाजूनं बारीक टाके.

अमरावतीची बस सारखी असते. तो एका बाहीचा ब्लाऊज मी दोन डाव पिशवीत घातला, दोन डाव काढला.

पोरगी आता बोलाले लागली. गोधडीवरच्या पिवळ्या तुकड्यावर बोट ठेवते, इचारते, "आई, हे कोनाचं व?"

मी म्हनते, झोप.