देवराईला लागलेलं सोयर

“पाणी कुठलं पितासा?”

ताप असो, खोकला असो, पायात काटा मोडलेला असो, डॉक्टरीणबाई मनगट धरायच्या आणि पहिला प्रश्न हाच टाकायच्या. मी एस.टी.चा कंडक्टर. त्या पहिल्यांदा माझ्या गाडीत बसल्या तेव्हा पैशांसाठी मी हात पुढे केला, तर त्यांनी तो हातच पकडला. “डोळं पिवळं दिसत्यात. पाणी कुठलं पितासा, पावणं?” अख्खी गाडी तिकीट विसरून माझे डोळे बघायला लागली. पुढे कावीळच निघाली. सुट्टे पैसे परत द्यायचे मात्र मी त्या गडबडीत विसरलो आणि त्यांनी ते आठवणीनं मागून घेतले.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. गगनबावड्याच्या बाजूला डोंगरातलं एक गाव होतं. माझी मुक्कामी गाडी संध्याकाळी तिथे पोचायची आणि सकाळी कोल्हापूरला सुटायची. बाई तिथल्या सरकारी दवाखान्यात. माहेर जयसिंगपूरचं, व्यापारी जैन घर. दिवस मावळल्यावर जेवत नसत, पाणी फडक्यानं गाळून पीत, आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालत. आवाज असा, की गाडीचा हॉर्न बिघडला तेव्हा आमचा ड्रायव्हर म्हणाला, “बाईंना टपावर बसवा, घाट उतरून देतो.” बाईंनी ऐकलं. म्हणाल्या, “बसती की. पण ब्रेकचं काय करणार हायसा?”

दवाखाना म्हणजे चावडीमागची एक गळकी खोली. पावसात पेशंट टेबलावर, आणि त्याचा भाऊ शेजारी छत्री धरून उभा. स्वतंत्र इमारत मिळावी म्हणून बाई कोल्हापूरला किती हेलपाटे घालायच्या ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. जाताना तावातावानं बोलत जायच्या, येताना खिडकीबाहेर बघत यायच्या.

गावाच्या वरच्या अंगाला देवीची देवराई होती. आत पायताण घालायचं नाही, वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. तिच्या पायथ्याशी एक झरा, भर उन्हाळ्यातही न आटणारा. सगळं गाव त्याच्यावर. शेजारच्या गावाचीही अशीच राई होती. ती त्यांनी विकली. दोन उन्हाळ्यांत त्यांचा झरा आटला आणि माणसं म्हशी डुंबायच्या त्या ओढ्याचं पाणी प्यायला लागली. मग घोंगडीच्या झोळीतून जुलाब-उलटीचे पेशंट डोंगर उतरून बाईंकडे यायला लागले. त्यातली एक लहान पोर बाईंच्या मांडीवरच गेली. पाण्याचा प्रश्न त्या दिवसापासूनचा, असं गावातले लोक मला सांगत.

आणि मग आला ठेकेदार. वरची परवानगी खिशात घेऊनच आला. मोठा हुशार माणूस! त्यानं गावाला पैशांचं आमिष दाखवलंच नाही. म्हणाला, “देवराईचं लाकूड मला द्या, मी तुम्हाला पक्का दवाखाना बांधून देतो.” सरपंच खूश. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. त्यांना वाटलं, बाई आता पेढे वाटतील.

बाई म्हणाल्या, “झरा मारून दवाखाना बांधायचा, आन् मग झरा मेला म्हणून माणसं दवाखान्यात भरायची. लई भारी हाय की! नको मला.”

सरपंचांनी देवीवर ढकललं. गुरवानं देवीला कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. संध्याकाळची वेळ, मीही गाडी लावून गर्दीत उभा. उजवी पडली.

“झालं,” सरपंच म्हणाले. “देवीनं दिलं.”

“देवीनं दिलं आसंल,” मागून हॉर्न वाजला, “मी न्हाय देत!”

वाचकहो, देवीच्या दारात असलं बोलणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पण देवीच्या होकारातही एक फट होती, आणि ती बाईंना माहीत होती. देवराईत कुऱ्हाड लावण्याआधी देवीची पूजा व्हायलाच हवी होती, बोकड कापून. सोयर असेल तर पूजा बंद. बाळंतपण झालेल्या घरात जसं दहा दिवस देवाला हात लावत नाहीत, तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी सोडायला गेलो तर गाडीत कुणीच नाही. ड्रायव्हरसुद्धा नाही. सगळे देवराईपाशी! देवळाच्या सोप्यात चार लुगड्यांचा आडोसा, चुलीवर उकळतं पाणी, आणि आतून बाईंचा आवाज. थोड्या वेळानं त्याहून बारीक एक आवाज आला. बाळंतीण कोण, तर खुद्द सरपंचांची सून. ती आपल्या पायांनी चढून आली होती. रोज चार हंडे वाहणारी बाई, झरा म्हणजे काय ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

सरपंच धापा टाकत आले. “बाई, देवीच्या जागंत इटाळ केलासा!”

“इटाळ न्हवं, नातू हाय. हात धुवा आन् घ्या.”

सरपंचांनी हात धुतले. दुसरं करणार काय?

गुरवानं खाली मान घालून जाहीर केलं, “सोयर लागलं. पूजा बंद.” त्याच्या मिशा हलत होत्या. बोकड सुटलं ते थेट बाईंच्या पडवीत जाऊन उभं राहिलं, आणि जैनाच्या घरी त्याला गूळ मिळाला.

सोयर फिटायला आलं की दुसरी बाळंतीण राईत हजर. मग तिसरी. वाड्यावस्त्यांवरच्या बाया आपणहून यायला लागल्या. ठेकेदार बिचारा बोटं मोजून येई आणि दंडवत घालून परत जाई. एकदा मात्र फट पडली. सोयर दुसऱ्या दिवशी फिटणार, आणि गावात कुणाचेच दिवस भरलेले नव्हते. बाईंनी मला गाठलं. “तुमच्या वाटंवर धनगरवाड्यात एकजण हाय. आजउद्याचं हाय. येताना आणा.” मी थांबा नसलेल्या जागी गाडी थांबवली. अख्खं मागचं बाक तिला दिलं. ड्रायव्हरनं बैलगाडी लाजेल अशी गाडी हाकली. पोचलो तेव्हा बाई म्हणाल्या, “लई बेतानं आणलासा. आनखी थोडा येळ झाला असता तर सोयर एस.टी.ला लागलं असतं!”

पावसानं रस्ता चिखलात गेला आणि ठेकेदाराचे ट्रक त्या सालापुरते अडले. पाठोपाठ बाईंची बदली आली, लांब, दुसऱ्या टोकाला. त्या माझ्याच गाडीनं गेल्या. या वेळी जातानाच खिडकीबाहेर बघत होत्या. मला राहवेना. विचारलं, “बाई, वाईट वाटतंय?”

“राईचं न्हाय वाटत. दवाखान्याचं वाटतंय की.” त्यांनी बूट पुसले. “दोन खोल्या, वर न गळणारा पत्रा. लई मनात हुतं हो.” आणि लगेच आवाज चढला, “पण परत इचारलं तरी न्हायच म्हणीन!”

पुढच्या उन्हाळ्यात ठेकेदार ट्रक घेऊन आला. माझी गाडी त्याच्या मागोमागच पोचली. राईच्या तोंडाशी गावच्या बाया बसल्या होत्या, चुंबळी-हंड्यांसकट. सरपंचांची सून सगळ्यांच्या पुढे, कडेवर पोर.

ठेकेदार हसून म्हणाला, “काय गं, औंदा कुणाला दिवस गेल्यात?”

“कुणालाबी न्हाय,” ती म्हणाली. “आता कशाला लागतंय? आम्ही हाय की.”

तो कुऱ्हाडवाल्यांकडे बघायला लागला. कुऱ्हाडवाले सरपंचांकडे. सरपंचांचा नातू आजोबांना बघून आईच्या कडेवरून झेपावत होता, आणि सरपंच ट्रककडे बघत नव्हते.

रस्ता अरुंद. ट्रक वळायला जागा नाही, मागे माझी गाडी. आधी आमची गाडी मागे घेतली. मग मी खाली उतरलो, शिट्टी तोंडात धरली, आणि हात हलवत, अगदी नियमाप्रमाणे, ठेकेदाराचा ट्रक रिव्हर्समध्ये पार खालच्या वळणापर्यंत काढून दिला.