संगणक खोलीची चावी

अभिमन नानांशी गोड बोलणारा माणूस त्या शाळेत शोधूनही सापडला नसता, आणि सापडला असता तर नानांनीच त्याला चार शब्द सुनावून वाटेला लावलं असतं. धुळ्यात पांझरेच्या काठावरची ती खासगी शाळा, आणि नाना तिथले तेवीस वर्षांपासूनचे प्रयोगशाळा सहायक. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. कमरेला करदोड्यासारखी एक दोरी आणि दोरीला संगणक खोलीची चावी. ती चावी ते जेवतानाही सोडत नसत.

खोलीतली चौदा मशिनं एका कार्यालयाने टाकून दिलेली होती. नेहमीची प्रणाली त्यांना झेपेना, उघडायला पंधरा मिनिटं आणि बंद पडायला पाच. सगळे म्हणाले, भंगारात घाला. नानांनी एका मे महिन्यात पत्र्याखाली बसून चौदाच्या चौदा मशिनांवर फुकटात मिळणारी लिनक्स ही प्रणाली चढवली. कुणी शिकवलं नव्हतं. पिंपळनेरच्या बाजारात बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे लहानपणापासून एक सवय लागली होती, बिघाड सापडेपर्यंत उठायचं नाही. मशिनं चालू झाली त्या दिवशी नाना एकटेच हसले, कारण बघायला दुसरं कुणी आलंच नव्हतं. शिक्षकांना ती लिनक्स पटली नाही. इथे हे कुठे गेलं, तिथे ते का दिसत नाही, म्हणून रोज कटकट. नाना प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचे, "डोळे उघडे ठेवून बघा."

दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी रंगवली होती, चपला बाहेर काढा. हा नियम मुख्याध्यापिकेलाही होता, पण त्याचा खरा जाच होत होता चिंधाला.

चिंधा शाळेचा शिपाई. वय पन्नाशीच्या पुढे, रोजंदारीवर, कधीही काढून टाकता येईल असा. दोघे एकाच तालुक्याचे, एकाच बसने गावी जाणारे, तरी बसमध्ये नाना पुढे आणि चिंधा मागे. चिंधाच्या टाचांना भेगा होत्या. तो अनवाणी आत आला तरी नाना म्हणायचे, "पाय पूस आधी." मग चिंधा दारातल्या पोत्यावर पाय पुसायचा, आणि पोरं बघत उभी राहायची.

दर खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, चिंधा ताट घेऊन शाळाभर फिरायचा. घंटेला हळदकुंकू, स्वयंपाकघरातल्या शेगडीला हळदकुंकू, झाडूलासुद्धा. सगळीकडे त्याचं स्वागत व्हायचं, एक संगणक खोली सोडून. यंदाही, सलग तिसऱ्या वर्षी, नानांनी त्याला दारातच अडवलं.

"विजेच्या मशिनावर नारळ फोडतोस का? अक्कल गहाण ठेवलीस?"

"नारळ नही फोडत नाना. नुसतं कुंकू लावस."

"काही लावू नको. ही अडाण्याची जागा नाही."

चिंधा ताट घेऊन परत फिरला. त्याच्या मानेची शीर ताठ झालेली नानांना दिसली आणि, खरं सांगायचं तर, त्यांना बरंच वाटलं. त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर नाना एकटेच मागे थांबले. दार आतून लावून घेतलं आणि पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन कुलूप घातलं. कशाला थांबलात, असं नानांना विचारण्याची कुणाची छाती नव्हती.

यंदाच्या दसऱ्यावर आणखी एक सावट होतं. संस्थेचे अध्यक्ष पंडित आबा यांना ती खोली हवी होती. शाळेत फरशी धड असलेली आणि कूलर चालणारी ती एकच खोली, आणि आबांना स्वतःसाठी कार्यालय पाहिजे होतं. ते नानांना म्हणाले होते, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकराला येतो. तुमची ती लिनक्स-बिनक्स चालत असेल तर दाखवा. नाहीतर मशिनं भंगारात आणि टेबल माझं."

त्या दिवशी नाना सव्वादहाला खोलीत शिरले. दाराजवळचं एक नंबरचं मशीन पडद्याला जोडलेलं होतं, दाखवायचं सगळं त्यावरच. नानांनी बटण दाबलं. चित्र आलं, खालची पट्टी आली, माऊसचा बाण आला. बाण फिरत होता, पण मेनूवर टिचकी मारली तर मेनू उघडेना. फाइलवर मारली तर फाइल ढिम्म. कळा बडवल्या तरी अक्षर उमटेना.

दुसऱ्या कुणी वायर उपटली असती. नाना तसं करणारे नव्हते. ते दोन नंबरच्या मशिनावर बसले आणि तिथून तारेच्या वाटेने एक नंबरच्या आत शिरले. आत सगळं ठीकठाक. मेमरी मोकळी, डिस्क मोकळी, कुठलाही प्रोग्राम अडून बसलेला नाही. पडदा सांभाळणारा भाग त्यांनी तिथूनच बंद करून पुन्हा सुरू केला. एक नंबरचा पडदा काळा झाला, उजळला, बाण परत आला, आणि टिचकी पुन्हा वाया गेली. नवं खातं काढून पाहिलं, तरी तेच. शेवटी अख्खं मशीन बंद करून चालू केलं. रोग आत नव्हताच, आणि बाहेर पाहायला नानांकडे डोकं उरलं नव्हतं. घड्याळात अकराला दहा कमी होते.

तेवढ्यात त्यांचं लक्ष फरशीकडे गेलं. कोपऱ्यात ती अजून ओलसर होती, सकाळीच पुसलेली.

"खोली कुणी उघडली?" नाना गरजले.

मुख्याध्यापिका शीतल मॅडम धावत आल्या. "आबा येणार म्हणून मीच ऑफिसातल्या चावीने उघडून दिली. चिंधाने झाडून-पुसून घेतलं सकाळी."

नानांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि आतून कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. गुन्हेगार मिळाला होता. परवा दारातून हाकलला, आज त्याने डाव साधला. सरळ हिशोब!

अकराच्या ठोक्याला पंडित आबा आले आणि दारातली पाटी वाचून न वाचल्यासारखी करत चपलांसकट आत शिरले. एक टिचकी त्यांनी स्वतः मारून पाहिली. "झालं? हेच दाखवायला बोलावलं?"

"मशीन ठणठणीत आहे आबा. ह्याने घालवलं," नाना म्हणाले आणि दारातल्या चिंधाकडे बोट केलं. "मुद्दाम केलं. माझ्यावर दात आहे त्याचा."

चिंधा आत आला नाही, उंबऱ्यावरूनच बोलला. "मी खाले झाडू मारा. वर हात बी लावा नही."

"मंग भूत उनं व्हतं का आठे?" रागात नानांची बोलीही गावाकडची, अहिराणी झाली.

"तुमले दुसरं कोनी दिखतच नही. पंखा बंद पडना तरी चिंधा, उंदीर उना तरी चिंधा. तीन वरीस दारमा उभा करा माले. मी कुत्रा शे का?"

आबांना वाद मिटवण्यात रस नव्हता, पण निकाल द्यायला आवडायचं. "मॅडम, लिहा. शिपायाने मालमत्तेचं नुकसान केलं, उद्यापासून कामावर येऊ नये. तक्रारदार म्हणून यांची सही घ्या. आणि खोली संध्याकाळपर्यंत रिकामी करा."

शीतल मॅडम उभ्या उभ्या लिहू लागल्या. खोली जाणार म्हटल्यावर नानांना काही सुचेना. निदान पुरावा तरी दाखवू, ओलं फडकं फिरवल्याचा डाग सापडेलच, म्हणून त्यांनी एक नंबरचा कीबोर्ड उचलला, उलटा केला आणि तळहातावर दाणकन आपटला.

हातात तांदळाचा एक दाणा पडला. कुंकवाने लाल झालेला.

नानांनी मूठ मिटली. दुसऱ्या हाताने माऊसची टिचकी मारली. मेनू उघडला. फाइल उघडली. पडद्यावर पोरांनी काढलेला धुळे जिल्ह्याचा नकाशा झळकला. दाणा स्पेसच्या डावीकडच्या ऑल्ट नावाच्या कळेच्या फटीत रुतून ती दाबून बसला होता. ती कळ एकटी काही करत नाही, पण दाबलेली राहिली की प्रत्येक टिचकीचा आणि प्रत्येक अक्षराचा अर्थ बदलतो. दोन दिवस ती दाबलेलीच होती, आणि मशीन बिचारं सांगितलं तेच करत होतं.

तो दाणा कुणाचा, हे जगात एकट्या नानांना ठाऊक होतं. बाप खंडेनवमीला पान्हे, पकडी, पंप ओळीने मांडून अक्षता वाहायचा. नानांनी ते कधी सोडलं नव्हतं, फक्त कुणाला कळू दिलं नव्हतं. चिंधाला अडाणी म्हणून हाकलल्यावर त्याच संध्याकाळी, दार लावून, त्यांनी एक नंबरला कुंकू लावलं होतं, अक्षता वाहिल्या होत्या आणि मग सगळं पुसून टाकलं होतं. सगळं म्हणजे एक दाणा सोडून.

"अरे, चाललं की!" आबा जरा हिरमुसले. "काय झालं होतं?"

"इथे सही करा नाना," शीतल मॅडमनी कागद पुढे केला.

उजव्या हातात पेन, डाव्या मुठीत दाणा. एक सही केली असती तर सगळं निभावलं असतं. बिघाड चिंधाचा, दुरुस्ती नानांची, मशीन चालू, खोली शाबूत. नानांनी चिंधाकडे पाहिलं. माणूस त्यांना अजूनही आवडत नव्हता. त्याचं ते उंबऱ्यावर ताठ उभं राहणंसुद्धा डोक्यात जात होतं. पण कागदावर लिहिलेलं खोटं होतं, आणि बिघाड एकीकडे असताना दुसरीकडचा भाग बदलणाऱ्या मेकॅनिकला बापाने दुकानात उभं केलं नसतं.

नानांनी मूठ टेबलावर उघडली.

"अक्षता मी वाहिल्या. परवा, दार लावून. त्याचा काही संबंध नाही. कागद फाडा."

मग आबा हसले, ते पोट धरून हसले. "तीन वर्षं त्याला दारात अडवलं आणि स्वतः आतून पूजा? वा!" हसू ओसरलं तसा त्यांचा आवाज बदलला. दाखवा म्हटलं होतं आणि चौघांदेखत मशीन चाललं होतं, त्यामुळे खोली त्यांना मागता येईना. तो राग कुठेतरी काढायला हवा होता. "मशिनं राहू द्या. पण गरिबावर खोटा आळ घेणाऱ्याकडे चावी नको. मॅडम, यांची चावी घ्या. उद्यापासून खोली चिंधा उघडेल आणि चिंधाच लावेल."

दोरीची गाठ नानांना सुटेना. शेवटी शीतल मॅडमनी कात्री आणून दिली. चावी हातात घेताना चिंधाने नानांकडे पाहिलं नाही, आभार तर दूरच.

दुसऱ्या दिवशी नाना दहाला आले तेव्हा खोलीला कुलूप होतं. ते व्हरांड्यात उभे राहिले. पोरं येता-जाता बघत होती. चिंधा दहा वाजून वीस मिनिटांनी आला, शांतपणे कुलूप काढलं, दार ढकललं आणि दारातलं पोतं पायाने सरळ केलं. नाना तणतणत आत निघाले.

चिंधाने हात आडवा धरला.

"नाना," तो पाटीकडे बघत म्हणाला, "चपला भायेर."

नानांनी खाली वाकून चपलांचे बंद सोडले आणि पोत्यावर पाय पुसले, आधी डावा, मग उजवा.